शेजाऱ्याचे भांडण आणि भाडेकरूचे घर



या व्यासपीठावरून पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात. मी त्यांपैकी कोणी नव्हे. शाळेशी माझा संबंध सातवीपर्यंतच आला. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे आणि कोर्टाच्या व्हरांड्यातील बाकावर झाले. गेली तीस वर्षे मी कामगारांच्या संघटनेचे काम करीत आलो आहे. या काळात एक गोष्ट वारंवार अनुभवास आली. पगाराचे, बोनसचे बोलणे संपते, सभा उठते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि एखादा माणूस तेवढा मागे रेंगाळतो. इकडे तिकडे पाहतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, एक घरगुती गोष्ट होती. शेजारी फार छळतो. ऊठसूट मालकाकडे जाऊन माझ्या कागाळ्या करतो. मालक म्हणतो, खोली खाली करून घेईन. घेऊ शकेल का हो?"

हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज कसा होतो, हे मी पुष्कळदा ऐकले आहे. पगार कमी पडला तर माणूस अर्धपोटी राहतो, उसनेपासने करतो. पण घर गेले तर बायकोमुले, म्हातारी आई, पोरांची शाळा, सारे एका दिवसात रस्त्यावर येते. म्हणून त्याला उडवून लावणे योग्य नव्हे. परंतु "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तरही देता येत नाही. ते उत्तर कायद्याच्या एका वाक्यात आहे, आणि त्या वाक्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आज तोच इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे.

ते वाक्य असे. भाडेकरू भाडे भरीत आहे, अटी पाळीत आहे, तोवर त्याला घराबाहेर काढता येणार नाही. परंतु त्याचे वर्तन शेजारच्या किंवा आसपासच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास देणारे असेल, तर काढता येईल. हे शब्द ब्रिटनच्या १९१५ च्या कायद्यात आहेत, मुंबईच्या १९१८ च्या कायद्यात आहेत, १९४७ च्या कायद्यात आहेत, आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात आजही आहेत. वाक्याच्या पहिल्या भागाने भाडेकरूला घर दिले. दुसऱ्या भागाने त्या घराची एक किल्ली शेजाऱ्याच्या हाती ठेवली. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी हा कायदा नव्हता तेव्हा काय होते, ते पाहू.

१८८२ साली आपल्या देशात मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. त्यातील सर्वसाधारण नियम असा की, महिनेवारी भाड्याने घेतलेली जागा सोडवून घ्यायला पंधरा दिवसांची नोटीस पुरे. कारण सांगण्याची गरज नाही. भाडेकरू वेळेवर भाडे देतो की नाही, सज्जन आहे की भांडखोर, हा प्रश्नच उद्भवत नसे. मालकाची मर्जी हेच कारण. अशा काळी शेजाऱ्याच्या कागाळीला मोल नव्हते, कारण कागाळीवाचूनही घर जात होते. सर्वत्र थोड्याफार फरकाने हीच रीत होती. ही रीत मोडली ती स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, आणि मोडली ती बायकांनी.

ग्लासगो हे क्लाइड नदीकाठचे जहाजबांधणीचे शहर. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा तेथील गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करायला माणसांचा लोंढा आला. माणसे वाढली, घरे वाढली नाहीत. नवरे फौजेत गेलेले, घरात बायका आणि मुले. ही संधी साधून मालकांनी भाडी चढवली. काही ठिकाणी ही वाढ पंचवीस टक्क्यांपर्यंत गेली. तेथील कामगारांची घरे कशी होती? तीनचार मजली दगडी इमारती, एका जिन्याभोवती अनेक बिऱ्हाडे, कित्येक बिऱ्हाडे एकाच खोलीची, जिन्याच्या वळणावर सर्वांना मिळून एक संडास, मागे धुण्याचे सामाईक आवार. आमच्या परळ-लालबागच्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही. आणि जेथे संडास सामाईक, तेथे भांडणेही सामाईक असणारच. त्यातून कोणी आयरिश कॅथलिक, कोणी स्कॉटिश प्रॉटेस्टंट. त्यांच्यातील वैर जुने. मालकाचा वसुली कारभारी, ज्याला तेथे फॅक्टर म्हणत आणि आपण मेहता म्हणतो, या भांडणांवर लक्ष ठेवून असे.

१९१५ च्या सुमारास गोव्हन नावाच्या भागात मेरी बार्बर या गृहिणीने बायकांना एकत्र केले. ठराव साधा होता: जुने भाडे देऊ, वाढ देणार नाही, जागाही सोडणार नाही. खिडक्या-खिडक्यांत तशा पाट्या लागल्या. बेलिफ येताना दिसला की पहाऱ्यावरची बाई घंटा वाजवी. घंटा ऐकून जिन्याजिन्यांतून बायका धावत, हातात पीठ असेल तर पीठ, ओले धुणे असेल तर ओले धुणे, आणि बेलिफाला जिना चढणे अशक्य होऊन जाई. त्या काळच्या कामगार चळवळीच्या आठवणींत एक प्रसंग नमूद आहे. एका बाईला फॅक्टरने सांगितले, "बाकी सगळ्यांनी वाढ भरली, तूच राहिलीस." तिने घाबरून पैसे भरले. मागाहून कळले की कोणीच भरले नव्हते. तेव्हा मेरी बार्बर यांनी गोदीतल्या पुरुषांना काम सोडून बोलावून आणले, सारा जमाव फॅक्टरच्या कचेरीवर गेला आणि त्या बाईचे पैसे परत घेऊन आला.

मित्रहो, या प्रसंगाकडे नीट पाहा. फॅक्टरने त्या बाईला दम दिला नाही, पोलीस आणला नाही. त्याने तिला फक्त तिच्या शेजाऱ्यांविषयी एक खोटी गोष्ट सांगितली. तेवढ्याने काम भागले, कारण ती बाई भिंतीपलीकडे जाऊन विचारू शकली नव्हती. दोन बिऱ्हाडांमधली भिंत ही मालकाने बांधलेली असते, आणि ती नेहमी त्याच्याच बाजूने उभी असते.

१९१५ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार भाडेकरू या संपात उतरले होते. १७ नोव्हेंबर रोजी अठरा भाडेकरूंना कोर्टात उभे करण्यात आले. त्या दिवशी हजारो बायका आणि गोद्या-कारखाने सोडून आलेले कामगार कोर्टापुढे जमले. जॉन मॅक्लीनसारख्या पुढाऱ्यांची भाषणे झाली. युद्धसामग्री खात्याचे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्याशी संपर्क साधण्यात आला, आणि दावे मागे घेण्यात आले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ मध्ये, पार्लमेंटने भाडेवाढ रोखणारा कायदा केला. लहान घरांची भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर बांधली गेली. मालकांनी घरांवर काढलेल्या कर्जाचे व्याजही त्याच कायद्याने बांधले, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. मेरी बार्बर १९२० साली ग्लासगोच्या नगरसभेत निवडून आल्या. २०१८ साली गोव्हनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

या १९१५ च्या कायद्यात आपले ते वाक्य प्रथम मोठ्या प्रमाणावर लोकांच्या आयुष्यात आले. भाडे देणाऱ्याला काढता येणार नाही, असे म्हटल्यावर अपवाद सांगणे भाग होते. जागेची नासधूस करणारा, मालकाला स्वतःला राहण्यासाठी जागा खरोखर हवी असेल तेव्हा, आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणारा. या अपवादात काही गैर नव्हते. एकाला घराचे संरक्षण द्यायचे आणि त्याच्या शेजाऱ्याने मात्र त्याचा छळ मुकाट्याने सोसायचा, हा न्याय झाला नसता. भिंतीपलीकडच्या माणसालाही शांततेने राहण्याचा हक्क आहे. परंतु ज्या बायकांनी एकमेकींच्या दाराशी उभे राहून हा कायदा मिळवला, त्यांच्याच कायद्यात हे लिहिले गेले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आता तेथून मुंबईला येऊ. युद्धाच्या मागणीने मुंबईच्या गिरण्या जोरात चालत होत्या, धान्य-कापड महागले होते, खोल्या मिळत नव्हत्या, आणि भाडी चढत होती. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला होता. पण गलिच्छ वस्त्या पाडण्याचा वेग नवी घरे बांधण्याहून अधिक राहिला. अशा स्थितीत सरकारने विलायतेतील नमुना पुढे ठेवून १९१८ साली मुंबईचा युद्धकालीन भाडेनिर्बंध कायदा केला. १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानले गेले. भाडे देण्यास तयार आणि राजी असलेल्या भाडेकरूला काढता येणार नाही, असे त्यात आले. आणि शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्याचा अपवादही जसाच्या तसा आला. ग्लासगोच्या जिन्यावरचे वाक्य मुंबईच्या चाळीच्या गॅलरीत येऊन पोचले.

हा कायदा कायमचा नव्हता. मुदत वाढवत वाढवत १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो टिकला. मधल्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. दुसरे महायुद्ध आले आणि पुन्हा तोच अनुभव. १९३९ साली एक कायदा, १९४४ साली दुसरा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४७ सालचा ५७ क्रमांकाचा कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे त्याने प्रमाणभाडे ठरवले. लोक ज्याला नुसते "रेंट अ‍ॅक्ट" म्हणत, तो हाच. त्याच्या तेराव्या कलमात जागा खाली करून घेण्याची कारणे एकेक करून सांगितली होती, आणि त्यांत आपले उपद्रवाचे वाक्य होते. त्यात एक भर होती ती पाहून ठेवा: उपद्रव भाडेकरूनेच केला पाहिजे असे नाही, त्याच्यासोबत राहणाऱ्या कोणीही केला तरी चालेल. म्हणजे मुलगा दारू पिऊन ओरडला, तर घर बापाचे जाणार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. यात माझा स्वतःचा एक अपराध आहे, तो सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

१९९१-९२ ची गोष्ट. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांना परत मिळाली नाही. आम्ही गिरणगावातल्या एका जुन्या चाळीत राहत होतो. गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव येणार अशी कुणकुण सुरू झाली होती, आणि आमची चाळ एका नव्या मालकाने विकत घेतली होती. आमच्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन बिऱ्हाडे. एका खोलीत निवृत्त गिरणी कामगार आणि त्यांची बायको. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणत असू. पलीकडे महापालिकेत नोकरी करणारे काका. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. मामांना दमा, ते रात्रभर खोकत. मामी पहाटे नळ आला की उठून भांडी आपटत. आणि त्यांचा धाकटा मुलगा पिऊन आला की गॅलरीत उभा राहून सगळ्या मजल्याचा उद्धार करी. काका त्रासून गेले होते, आणि त्यांचे त्रासणे रास्त होते.

मी तेव्हा विशीत होतो. युनियनच्या कचेरीत अर्ज लिहायला शिकलो होतो. एका रविवारी काका म्हणाले, "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. मालकाला एक अर्ज लिहून दे. त्या पोराला जरा समज दे म्हणावं." मी लिहिला. शिकलेल्या साऱ्या शब्दांची हौस त्यात फेडून घेतली. "नरकयातना", "सर्व रहिवाशांना जगणे अशक्य", "सदर कुटुंबाचे वर्तन अत्यंत उपद्रवकारक", असे काहीबाही. काकांनी सही केली. मालकाच्या मेहताने अर्ज घेतला, पोचही दिली. मला फार अभिमान वाटला.

सहा महिन्यांनी मामांवर स्मॉल कॉज कोर्टात दावा लागला. मामांचे भाडे एका महिन्याचेही थकलेले नव्हते, त्यामुळे त्या बाजूने त्यांना हलवता येत नव्हते. दाव्याचे कारण उपद्रव हे होते, आणि सोबत जोडलेला मुख्य कागद माझ्या मोत्यासारख्या अक्षरातला. त्याला निशाणी पडली. काकांना साक्षीला बोलावले. पिंजऱ्यात उभे राहून ते म्हणाले, "साहेब, पोराला समज द्या एवढंच म्हणायचं होतं. म्हाताऱ्यांनी घर सोडावं असं माझ्या मनात कधी नव्हतं." वकिलांनी अर्ज पुढे केला. "ही सही तुमचीच ना?" काका म्हणाले, "हो."

दावा वर्षानुवर्षे चालला. चौथ्या वर्षी मामा वारले. कायद्याने तो हक्क सोबत राहणाऱ्या मामींकडे आला होता; तसे मी त्यांना सांगितलेही. पण तारखांना उन्हातान्हात जाणे त्यांना झेपेना, मुलगा घर सोडून गेलेला. मालकाने देऊ केलेली रक्कम घेऊन त्या रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून गेल्या. जाताना त्यांनी मला विचारले, "बाळा, तो अर्ज तू लिवलेलास ना रे?" मी मान हलवली. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

खोलीला मालकाचे कुलूप लागले. दोन वर्षांनी काकांना नोटीस आली. या खेपेस कारण निराळे: मालकाला जागा स्वतःसाठी हवी. तेव्हा मी साक्षीला उभा राहिलो आणि सांगितले की, फळीपलीकडची खोली दोन वर्षे रिकामी, कुलूपबंद पडली आहे. ज्याला स्वतःसाठी जागा हवी तो ती आधी उघडेल. तो दावा टिकला नाही. मामींची रिकामी खोली काकांच्या उपयोगी पडली. निकालाच्या दिवशी काका कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "त्या खोकल्यानं मला झोप येत नव्हती. आता शांततेनं येत नाही."

या गोष्टीतून मला कायद्याचा जो अर्थ उमगला, तो असा. शेजारी कितीही वैरी असला तरी तो तुम्हाला घरातून काढू शकत नाही. जागा खाली करून मागण्याचा दावा लावण्याचा अधिकार मालकाला आहे, शेजाऱ्याला नाही. शेजारी पोलिसांत जाईल, फार तर त्रास थांबवण्यासाठी मनाईहुकूम मागेल. पण तुमच्या खोलीवर त्याचा हक्क पोचत नाही. घराच्या दाव्यात त्याची जागा वादीची नसते, साक्षीदाराची असते. उलट मालकाला उपद्रव सिद्ध करायचा तर बहुधा त्याच साक्षीदाराची गरज लागते, कारण मालक स्वतः त्या मजल्यावर राहत नसतो. म्हणून शेजाऱ्यांचे भांडण हा मालकाच्या दृष्टीने कच्चा माल आहे. आपण तो फुकट पुरवतो.

कोर्टाचेही काही भान असते, हे सांगितले पाहिजे. एकदोन वेळच्या बाचाबाचीवरून घर जात नाही. दाटीच्या वस्तीत राहायचे म्हणजे थोडा आवाज, थोडे पाणी, थोडी धक्काबुक्की गृहीतच असते. त्रास गंभीर होता का, सातत्याचा होता का, त्रयस्थ रहिवासी काय म्हणतात, तक्रार त्या वेळची आहे की दावा ठरल्यावर तयार केलेली आहे, हे पाहिले जाते. परंतु कागद साठत गेले की चित्र पालटते. हल्ली दर भांडणाला चौकीवर जाऊन एन. सी. नोंदवण्याची जी सवय लागली आहे, तिचा प्रत्येक कागद पुढे कोणाच्या तरी फाइलीत जाऊन बसतो, हे विसरू नये.

१९४७ चा कायदा पुढे जुना झाला. चाळीस सालची भाडी पन्नास वर्षांनीही तीच राहिली. छोट्या मालकाला त्यातून चुनाही लावता येईना, जिने कुजले, छते कोसळली. शेवटी १९६९ च्या कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही, गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत, असे मत दिले. मी भाडेकरूंचा माणूस आहे. तरीही त्यात तथ्य नव्हते असे म्हणणार नाही. भाड्यावर पोट भरणारी विधवा मालकीणही मी पाहिली आहे. यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय केली आणि भाडेकरूचे मुख्य संरक्षण कायम ठेवले.

तेव्हा सभेनंतर मागे रेंगाळणाऱ्या त्या माणसाला मी आज काय सांगतो, ते येथे सांगून टाकतो.

पहिले, भाडे कधीही थकवू नका. शेजाऱ्याशी भांडण आहे, नळ बंद आहे, मालक वाईट आहे, म्हणून भाडे अडवून धरणारा आपल्याच हाताने दार उघडतो. मालक घेत नसेल तर लेखी पुरावा राहील अशा रीतीने पाठवा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, ती मागून घ्या. आणि थकलेच, तर घाबरू नका: लेखी मागणीनंतर नव्वद दिवस होईपर्यंत मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकलेले भाडे पंधरा टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरले, तर त्या कारणाने घर जात नाही.

दुसरे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला कोणीही बाहेर काढू शकत नाही. मालकाने सामान फेकले, कुलूप लावले, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत कब्जा परत मागता येतो. पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा तोडणे हा १९९९ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने गुन्हा आहे. तोडलेले परत जोडून देण्याचा हुकूम कोर्ट देते.

तिसरे, वकिलाची फी नाही म्हणून एकतर्फी निकाल लागू देऊ नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. माझ्या मामींना हे वेळीच सांगणारा कोणी असता, तर कदाचित त्या गेल्या नसत्या. ते सांगणे माझे काम होते. तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हते.

चौथे, आणि हेच मुख्य, शेजाऱ्याशी भांडण झाले तर ते शेजाऱ्यापर्यंतच न्या. चाळीची समिती असेल तर समितीपुढे, नसेल तर दोन वडीलधाऱ्यांपुढे. खरा छळ असेल, मारहाण असेल, बायकामुलींच्या अब्रूचा प्रश्न असेल, तर बेलाशक पोलिसांत जा, कोर्टात जा. कायदा त्यासाठीच आहे. परंतु दुसऱ्याने लिहून आणलेल्या अर्जावर सही करू नका, आणि रागाच्या भरात मालकाला लिहू नका. लिहिणारा जर कोणी हौशी तरुण असेल, तर त्याला माझी गोष्ट सांगा.

एक इशाराही दिला पाहिजे. हे सारे संरक्षण भाडेकरूला आहे. आज जी बहुतेक तरुण जोडपी अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, त्यांचा कागद बहुधा भाडेपट्ट्याचा नसतो, "लिव्ह अँड लायसन्स"चा असतो. मुदत संपली की त्यांना जागा सोडावीच लागते; न सोडल्यास चोविसाव्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्यापुढे झटपट काम चालते. शेजाऱ्याची कागाळी तेथे सिद्ध करावीच लागत नाही. मालकाने करार वाढवला नाही, की संपले. म्हणजे १८८२ सालचा पंधरा दिवसांचा भाडेकरू आता अकरा महिन्यांचा होऊन परत आला आहे. त्याच्यासाठी अजून कोणी घंटा वाजवलेली नाही.

वाजवायची तर ती कोण वाजवणार? ग्लासगोच्या त्या जिन्यांवरच्या बायका एकमेकींच्या मैत्रिणी होत्या म्हणून एक झाल्या, असे समजू नका. त्याही नळावर, धुण्याच्या दोरीवर, धर्मावरून भांडत असणार. त्यांनी भांडणे संपवली नाहीत. बेलिफ आला की भांडण बाजूला ठेवून दारात यायचे, एवढेच त्यांनी ठरवले, आणि तेवढ्याने जगातल्या कितीतरी शहरांतल्या भाडेकरूंना कायदा मिळाला. आपल्यालाही याहून अवघड काही करायचे नाही. आज घरी गेल्यावर शेजारचा रेडिओ मोठ्याने चालू असेल, तर अवश्य भिंतीवर थाप मारा. मात्र ती थाप मालकाच्या कचेरीत ऐकू जाणार नाही, इतकीच मारा.